चिंचोक्यांचा नकाशा

लग्न होऊन मी पुण्याहून बंगलोरला आले ती एक मोठा गैरसमज बरोबर घेऊन. सासर मराठी, मग भाषेची कसली अडचण, असं माहेरी सगळ्यांनी मला सांगितलं होतं आणि मीही ते खरं मानलं होतं. सासरची माणसं मराठीच बोलायची, यात खोटं काही नाही. पण कित्येक पिढ्या इकडे राहून त्या मराठीत कानडी असं काही मुरलं होतं की कुठला शब्द कुठला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "ओलेवर दूध ठेव गं स्वल्प." मी ओलं काय आहे ते शोधत स्वयंपाकघरभर फिरले. एक ओलं फडकं सापडलं. इकडची काही रीत असेल म्हणून त्यावर दुधाचं पातेलं ठेवून, हात जोडून उभी राहिले. ओले म्हणजे चूल, हे मला दुपारी कळलं, तोपर्यंत ही गोष्ट शेजारच्या चार घरांत जाऊन आली होती.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. त्या थोरली सून, त्यांचे दीर-नणंदा अक्का म्हणायचे, म्हणून मुलंही अक्काच म्हणायला लागली. आमचे हे सुद्धा स्वतःच्या आईला अक्का म्हणत. सासरे अण्णा. घर बसवनगुडीत, लाल गुळगुळीत जमिनीचं, आणि स्वयंपाकघर लांबट, मागच्या अंगणात उघडणारं. ते स्वयंपाकघर अक्कांचं होतं. मी त्यात भाजी चिरायची, भांडी विसळायची, आणि फोडणी पडताना बाजूला सरकायचं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट बरंच होतं. मला स्वयंपाकाची हौस कधीच नव्हती, आणि ती अंगात आणावी असंही कधी वाटलं नाही.

मला हौस होती ती नाक खुपसायची. ह्यांची नोकरी एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. संध्याकाळी टाकाऊ कागदांची गुंडाळी घेऊन यायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने गोल काढत बसायचे. गोलातून बाण, बाणाच्या टोकाला दुसरा गोल. आधी मला वाटलं कुणाची तरी पत्रिका मांडलीय. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, मशीन. मी म्हटलं, मला काय मशीन कळत नाही होय? याला चाक कुठाय, दांडा कुठाय? तेव्हा त्यांनी पेन्सिल ठेवली आणि मला समोर बसवून सांगितलं. मशीन कसं दिसेल ते अगदी शेवटी. आधी बघायचं की तिथे माणूस काय काय करतो. एकेका कामाला एकेक गोल. कामाकडून कामाकडे बाण. सारखं जाणं-येणं असेल तर बाण जाड, क्वचित असेल तर बारीक. डोळ्यांनी पाहिलं असेल तर सलग रेघ, नुसतं वाटत असेल तर तुटक. असं सगळं कागदावर आलं की मशीन कुठे अडतंय ते आपोआप दिसतं, निम्मं डिझाइन तिथेच होतं.

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. डोक्यातलं कागदावर येतं आणि मग आपल्यालाच नवीन काहीतरी सांगतं! मी मॅट्रिक झालेली, भूमिती माझी आवडती. दुसऱ्या दिवसापासून मी कशाचेही नकाशे काढायला लागले. दळण कुठून कुठे जातं याचा. गल्लीत बातमी कुठल्या घरातून निघते आणि कुठे जाऊन फुगते याचा. त्या दुसऱ्या नकाशात सगळे जाड बाण आमच्या समोरच्या काकूंच्या गोलातून निघत होते. हे पोट धरून हसले, आणि कागद लगेच फाडून टाक म्हणाले.

अक्कांचे डोळे तेव्हा जात चालले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही आणि राहिलंय तेही हळूहळू जाईल. कुणी विचारलं तर अक्का म्हणत, "दिसतं की. धूसर दिसतं, पण दिसतं." आणि हात चालूच. त्यांच्या सारासारखं सार मी आजवर खाल्लं नाही, आणि मी बऱ्याच ठिकाणी जेवले आहे.

दिवाळीनंतर एक दिवस फोडणीची कढई कलंडली आणि तेल अक्कांच्या मनगटावर सांडलं. मोठा फोड आला. अक्का हूं की चूं न करता हाताला कोरफड लावून पुन्हा ओट्याशी जायला निघाल्या, पण अण्णांनी त्यांना माजघरात बसवलं आणि निकाल देऊन टाकला. झालं तेवढं पुरे. आनेकलला त्यांच्या ओळखीची एक स्वयंपाक करणारी बाई होती, तिला संक्रांतीनंतर घरी आणायचं. अक्कांनी पुढल्या खोलीत बसायचं, जप करायचा, हवं तर शेंगा सोलायच्या.

अक्का अण्णांना उलट बोलत नसत. त्या एवढंच म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं. पण त्या रात्री जेवल्या नाहीत. मी हाक मारायला गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला खुर्चीत बसवून ठेवणार हे. कुणी आलं की उठायचं, गेलं की बसायचं. त्यापेक्षा तेल तोंडावर पडलं असतं तर बरं झालं असतं." मला भयंकर राग आला. अण्णांचा आला, आणि त्या नुसतं 'सरी' म्हणाल्या म्हणून त्यांचाही आला.

ह्यांनी अण्णांकडे संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली. म्हणाले, स्वयंपाकघर नीट मांडून बघू, मग ठरवा. आणि कागद पसरून बसले. मधोमध मोठा गोल काढून त्यात लिहिलं 'उजेड'. अक्कांना धूसर दिसतं, तर उजेड वाढवायचा. ओट्यावर मोठा दिवा, छपरात काचेचं कौल, ओट्याच्या कडेला पांढरा रंग. सगळे बाण त्या गोलातून निघालेले. नकाशा देखणा झाला होता. पण बाण तुटक होते, कारण ह्यांनी दिवसा ते स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. अक्का कुठून कुठे जातात, कुठे अडतात, बघायचं आणि कागदावर मांडायचं. धक्का लागला, काही पडलं, की तिथे फुली.

मी भाजी निवडायच्या निमित्ताने दाराशी ठाण मांडलं. बघता बघता मला त्यात गंमत वाटायला लागली, कारण फुल्या काही वेगळंच सांगत होत्या. कोठीचा कोपरा सगळ्यात अंधारा, मला तिथे कंदील लागायचा. तिथे एकही फुली नाही. अक्का सरळ जायच्या, तिसऱ्या फळीवरचा डबा काढायच्या, परत यायच्या. आणि अंगणाचं दार, जिथे लख्ख ऊन, तिथे फुल्यांची गर्दी. कारण ती सगळ्यांची वाट. कुणी बादली ठेवून जायचं, कुणी वहाणा, मी स्वतः केरसुणी. ओट्याच्या टोकाला आणखी एक फुली होती, तेल सांडलं तिथली. तिथे मी बरेच दिवस विचार करत थांबले. मग एका सकाळी अण्णा दाढीच्या ऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले, ओट्याच्या त्याच टोकाला ठेवला, आणि वस्तरा आणायला निघून गेले. रोज ठेवत असणार. कढई उतरवायची जागा तीच.

म्हणजे सगळं उघड झालं. अक्का नाही चुकत, आपण चुकतो. त्या आपापल्या जागी असलेल्या वस्तूंच्या भरवशावर चालतात आणि आपण त्या वस्तू हलवतो. माझ्या पोटात ते राहीना. दुपारी अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या, बोटांनी खडा लागला की बाजूला. मी समोर बसले आणि मोठ्या ऐटीत, पुणेरी थाटात म्हटलं, "अक्का, तुमच्या चालण्या-वागण्यावरून मी एक अनुमान काढलंय."

अक्कांचे हात थांबले. "अनुमान? माझ्यावर?"

"हो, तुमच्यावरूनच," मी आनंदाने म्हटलं. "बरेच दिवस बघत होते. आता खात्री झाली."

"आणखी कुणाला बोललीस?"

मी म्हटलं, अजून नाही, संध्याकाळी ह्यांना सांगणार आहे. तशी त्यांनी सूप बाजूला सारलं, हवेत चाचपडून माझा हात पकडला आणि इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "नको सांगू," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाया पडते मुली. दसऱ्यापासून काहीच दिसत नाही मला. काही म्हणजे काहीच नाही. ते कळलं तर हे उद्याच बाई आणतील."

मी कुठल्या अनुमानाबद्दल बोलत होते आणि त्या कुठल्या! माझं अनुमान बादलीचं आणि तांब्याचं होतं. त्यांच्या डोळ्यांत अजिबात उजेड उरला नाही, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मग हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे अनुमान म्हणजे दिसलं त्यावरून काढलेला निष्कर्ष. आणि इकडे, कानडीत आणि ह्यांच्या घरच्या मराठीतही, अनुमान म्हणजे संशय. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की मला तुमचा संशय आहे, बरेच दिवस पाळत ठेवून होते, आता नवऱ्याला सांगते. सासूला असं सांगणारी सून बंगलोरात मी पहिलीच असणार.

मी त्यांना शब्दाचा घोटाळा समजावून सांगितला. त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला संशय नव्हताच?" मी म्हटलं, नव्हता. "आणि मी आपण होऊन सगळं ओकले." मी म्हटलं, हो. तेव्हा त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. तर हसत होत्या. "चोराच्या मनात चांदणं गं," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. पण आता नकाशाचं काय करायचं? ह्यांच्या कागदावर मधोमध बसलेला तो 'उजेड' बिनकामाचा ठरला होता. सगळे बाण ज्या गोलातून निघाले तोच गोल चुकीचा. हे मला फार विलक्षण वाटलं. कागदावर एवढं नीटनेटकं दिसत होतं, की त्या गोलाबद्दल विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं, मलासुद्धा.

अक्कांनी विचारलं, असतो तरी कसा तो नकाशा? मी शब्दांत सांगायला गेले तर गोंधळ झाला. मग मी कोठीतून चिंचोके आणले आणि सुताची गुंडी. जमिनीवर चूल म्हणजे पाच चिंचोक्यांचा ढीग, पाण्याचा हंडा म्हणजे तीन, कोठी, दार, आणि मधून सुताच्या वाटा. अक्कांचा हात धरून त्यावरून फिरवला. एकदा फिरवला, मग त्या स्वतःच फिरवायला लागल्या. "ही वाट अशी नाही," त्या म्हणाल्या आणि सूत उचलून वाकडं केलं. हंड्याकडून चुलीकडे त्या सरळ येत नसत, भिंतीला हात लावून वळसा घेत. का, तर मध्ये एकदा पाट ठेवलेला सापडला होता. चुलीची जागा त्यांना उबेवरून कळायची, दूध वर येतंय ते आवाजावरून, भाजी लागतेय ते वासावरून, आम्हाला येण्याच्या कितीतरी आधी. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या म्हणाल्या, साकू गं बाई, पुरे झालं, आता चहा कर. दोन वर्षं मी त्या स्वयंपाकघरात वावरत होते आणि त्या दुपारी ते मला पहिल्यांदा दिसलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

संध्याकाळी मी ह्यांना फुल्या दाखवल्या. उजेडाचा गोल काढून टाका म्हटलं, मध्ये 'जागा' लिहा. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि अक्कांच्या वाटेत दुसऱ्या कुणाची वाट येता कामा नये. ते म्हणाले, फुल्यांचं खरं आहे, पण उजेड का नको? धूसर दिसणाऱ्याला उजेड लागतोच. मी म्हटलं, असू दे दिवा हवा तर, मध्ये नको. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी वचनात अडकलेली, म्हणून चेहरा दगडासारखा ठेवला. ते कागदाकडे वळले आणि खोडरबर हातात घेतलं.

मग काम सुरू झालं. ओट्याच्या कडेने हाताला लागेल अशी लाकडी पट्टी. प्रत्येक भांड्याला स्वतःचा खिळा. हंडा भिंतीलगत. आणि मागच्या अंगणातल्या न्हाणीकडे जायचा सगळ्यांचा रस्ता स्वयंपाकघरातून बंद, बाजूच्या बोळातून फिरून जायचं. दिवा अण्णांनी स्वतः आणला आणि त्याचं फार कौतुक केलं. बोळाचं मात्र त्यांना पटेना. माझ्याच घरात मी वळसे घालत जायचं का, आणि तांब्या कुठे ठेवायचा ते मला सून शिकवणार का, वगैरे. दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तांब्या पुन्हा ओट्यावर दिसला आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "अण्णा, तेल सांडलं त्या दिवशीही तिथे तांब्याच होता. तुमचा."

त्या काळी सासऱ्यांशी असं बोलायची छाती कुणाला नव्हती, मलाही नव्हती. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली, झालं. अण्णांनी तांब्याकडे पाहिलं, आत अक्का होत्या तिकडे पाहिलं, आणि तांब्या उचलून बोळाकडे गेले. नंतर तो ओट्यावर दिसला नाही. पण आनेकलच्या बाईचा बेत मोडला असंही ते म्हणाले नाहीत. संक्रांतीला बघू, एवढंच.

संक्रांतीला माझी नणंद येलहंक्याहून आली. अक्कांनी मला ओट्याशी फिरकू दिलं नाही. कोसंबरी, हुळी म्हणजे इकडची आंबट आमटी, भात, गुळाच्या पोळ्या, सगळं एकटीने. मी दाराशी बसून श्वास रोखून बघत होते. काहीही सांडलं नाही, काहीही लागलं नाही. पंगत बसली. अण्णांनी तिसरी पोळी मागून घेतली, तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जेवण होत आलं तसे अण्णा खुशीत आले. म्हणाले, मी म्हणत नव्हतो का, दिवा लावल्यापासून हिला सगळं लख्ख दिसायला लागलं. आता बाई कशाला हवी? चांगला दिवा आणला की काम होतं.

चूल वाचली होती. अक्कांनी नुसतं गप्प बसायचं होतं. त्या ताकाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, आता ताक वाढा आणि आत जा.

"सगळ्यांची पोटं भरली?" अक्कांनी विचारलं. भरली, असं सगळे म्हणाले. "मग ऐका. त्या दिव्याचं नाव घेऊ नका. मला दिसत नाही. दसऱ्यापासून काहीच दिसत नाही."

नणंदेने तोंडाला पदर लावला. हे आईकडे न बघता माझ्याकडे बघत होते. अण्णांचा हात पानावर तसाच राहिला, बोटं वाळायला लागली.

"ही पोळी..." ते म्हणाले.

"मीच भाजली."

त्या घरात सगळं तेच ठरवायचे, कुणाला विचारायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"मग उद्या काय करायचं?"

"उद्या?" अक्का म्हणाल्या. "टोपलीत वांगी आहेत. उद्या ती करीन."

अण्णांनी ताकासाठी वाटी पुढे केली, आणि ती अक्कांना सापडावी म्हणून पाटावर टकटक वाजवली.

"भरली कर," ते म्हणाले. "नुसती नको."